‘मेमध्ये श्रीलंका? वेड लागलंय का?’

आज सकाळी घरच्या ग्रुपवर वहिनींनी साधा प्रश्न विचारला. मेच्या सुट्टीत श्रीलंकेला जावं म्हणतेय, कसं वाटतं? वहिनी साताऱ्याला शाळेत शिकवतात. त्यांना सलग सुट्टी मिळते ती उन्हाळ्यात आणि दिवाळीत, बास. पाच मिनिटांत पाच सल्ले हजर. "मेमध्ये? वेड लागलंय का? पाऊस सुरू होतो तिकडे." "ऑफ सीझन आहे तो." एका काकांनी तोडगा काढला, दिवाळीत जा. एकानं कुठल्याशा टूरवाल्याचं चित्रच टाकलं, निळाशार समुद्र आणि वर मोठ्या अक्षरांत ‘डिसेंबर ते मार्च सर्वोत्तम’.

वहिनींनी लिहिलं, "बरं, राहू दे मग."

ते ‘राहू दे मग’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं. या पाचांतला एकच जण श्रीलंकेला गेलाय. तोही कोलंबोत, ऑफिसच्या कामाला, तीन दिवस.

मी गेलोय. त्या सर्वोत्तम डिसेंबरातच. २०१८ साली, आईला घेऊन. तिला त्रिंकोमालीचं कोनेश्वर बघायचं होतं, कड्यावरचं देऊळ आणि खाली समुद्र. आमचा टूरवाला म्हणाला, डिसेंबर म्हणजे डोळे मिटून जा. गेलो डोळे मिटून. त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला, किनाऱ्यावर, चार दिवसांचं बुकिंग आणि चारही दिवस पाऊस. समोरच्या पिजन आयलंड बेटावर नेणाऱ्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. आई व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर, अंगावर शाल, समोर राखाडी खवळलेला समुद्र. मी आत टूरवाल्याला फोन लावतोय आणि तो उचलत नाहीये.

शेवटी रिक्षावाल्यानं सांगितलं, हसत हसत. "सर, टाइम ओके. कोस्ट राँग."

एवढंच आहे हो सगळं! त्या एवढ्याशा बेटाला दोन मान्सून आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तो गॉल, बेंतोटा, मिरिसा ही बाजू झोडपतो. मधे अडीच हजार मीटरपर्यंत चढलेले डोंगर. ढग तिथे रिकामे होतात आणि पलीकडं पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे कोरडे ठाक. डिसेंबर ते फेब्रुवारी वारा उलटा, ईशान्येचा. मग पूर्व भिजते आणि दक्षिण-पश्चिमेला ऊन. तिकडचे कित्येक कोळीसुद्धा पश्चिमेचा समुद्र खवळला की जाळी-होड्या घेऊन पूर्वेला जातात.

आणि हे सातारकरांना समजावून सांगायचं? महाबळेश्वरात जुलैमध्ये चार हातांवरचं दिसत नाही आणि त्याच आठवड्यात दहिवडीला लोक आभाळाकडं डोळे लावून बसलेले असतात. एकाच जिल्ह्यात! तरी ‘तिकडे पाऊस असतो’. तिकडे म्हणजे कुठे?

बरं, मान्य. मेअखेरीला गॉल-कोलंबोकडं भिजाल. आणि २०१७च्या मेमध्ये रत्नपुरा, कळुतराकडं पूर आला, दरडी कोसळल्या, दोनशेच्या वर माणसं गेली. त्याची थट्टा नाही. पण म्हणून अख्ख्या देशावर मे महिन्यापुरती फुली?

दिवाळीवाल्या काकांना तर दंडवत. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दोन मान्सूनच्या मधला काळ, दुपार झाली की बहुतेक बेटावर गडगडाट. नेमका तोच महिना काढला त्यांनी.

चिडलोय खरा. पण खरं सांगायचं तर चिडका तेव्हाही मीच होतो. आई नव्हती चिडली. दुसऱ्या दिवशी गेस्टहाउसची मालकीणबाई नारळ खोवायला बसली. पाटावर लावलेली खोवणी, आपल्या विळीची बहीणच. आई उठून शेजारी बसली आणि तिच्या हातातला नारळ काढून घेतला. एकीला तमिळ, दुसरीला मराठी, दोन तास गप्पा. बाईनं पावसाकडं बोट केलं, मग रस्त्यापलीकडच्या हिरव्यागार खाचरांकडं. आई आत येऊन मला सांगतेय, "अरे, यांची भातं आत्ता आहेत. पाऊस नको कसा म्हणतोस?" खरंच होतं तिचं. त्यांचा मोठा हंगाम, ‘महा’ म्हणतात, या ईशान्येच्या पावसावरच उभा राहतो. मी मात्र हवामानाचं अ‍ॅप बघत बसलेलो.

तिसऱ्या दिवशी तासभर उघडलं. कोनेश्वरला गेलो. वाटेत जुन्या किल्ल्यात रस्त्यावरच ठिपकेवाली हरणं फिरत होती, भिजलेली. आईनं देवापेक्षा त्यांच्याकडंच जास्त पाहिलं.

टूरवाल्याला तरीही माफी नाही. ‘कुठं जाणार’ हे न विचारता ‘कधी जा’ सांगणाऱ्या कुणालाच नाही.

दुपारी वहिनींना फोन केला. म्हटलं, मेमध्येच जा, फक्त पूर्वेला. दुपारी कच्चान नावाचा गरम कोरडा वारा सुटतो, तेव्हा खोलीत पडून राहा. मे म्हणजे वेसाक, त्यांची बुद्धपौर्णिमा, तो दिवस तारखांत बसतोय का बघा. घराघरावर कागदी कंदील आणि रस्त्यांवर दानसल, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत. (त्या दिवशी दारू मिळत नाही, दादांना आधीच सांगून ठेवा.) पुढं कधी ऑगस्टमध्ये रजा जमली तर मिन्नेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात जा. तिथल्या तलावाचं पाणी ओसरलं की काठावर गवत उगवतं आणि हत्तींचे कळप उतरतात. त्या ‘सर्वोत्तम’ डिसेंबरात तो तलाव भरत असतो.

वहिनी म्हणाल्या, "मग ग्रुपवर लिहा की हे." ग्रुपवर कोण वाचतंय, म्हणून इथं लिहिलं.

फोन चालू असताना आई शेजारीच होती. तिला म्हटलं, येतेस का वहिनींबरोबर, या वेळी पाऊस नसेल. तिनं जरा विचार केला. म्हणाली, "पाऊस नसेल तर तिथं गर्दी असेल रे. मग त्या बाईला बसायला वेळ कुठला?"