पास होणारा आयडी

काल रात्री प्रॉडक्शनला, म्हणजे क्लायंटच्या खऱ्या सिस्टीमवर, आमची फाईल रिजेक्ट झाली आणि आज सकाळच्या कॉलवर वीसेक माणसांसमोर मला विचारलं गेलं, "तुमचा कोड मूडवर चालतो का हो?" डोकं अजून गरम आहे.

प्रकरण इवलंसं. एक्सएमएलमध्ये आयडीचं एक अ‍ॅट्रिब्यूट, दर मेसेजला नवीन व्हॅल्यू. त्यासाठी जावात छोटा क्लास, ऑब्जेक्ट तयार होतानाच रँडम यूयूआयडी (आकडे, ए ते एफ अक्षरं आणि चार डॅश मिळून ३६ चिन्हांचा आयडी) घेतो, बाकी काम जॅक्स-बीचं, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल करणाऱ्या लायब्ररीचं. (ही जॅक्स-बी आधी जावासोबत फुकट यायची. २०१८ साली जावा ११ नं तिला घराबाहेर काढलं, मग वेगळी डिपेंडन्सी आणा, मग तिच्या पॅकेजच्या नावात जावाएक्सचं जकार्ता झालं म्हणून सगळे इम्पोर्ट बदला. असो, ते रडगाणं वेगळं.)

क्लायंटच्या डॉक्युमेंटात स्वच्छ लिहिलंय, कमाल ३६ अक्षरं, यूयूआयडी चालेल. पण त्यांच्याच स्कीमात (फाईल कशी असावी याच्या नियमांत) त्या आयडीचा टाईप आहे एक्सएस-आयडी, आणि त्याची सुरुवात आकड्यानं करता येत नाही, अक्षर किंवा अंडरस्कोअरच लागतो. यूयूआयडीचं पहिलं चिन्ह सोळातलं कुठलंही, त्यातले दहा आकडे. म्हणजे १६ पैकी १० वेळा नापास. टेस्टिंगला हे कळलं का नाही? कारण तिकडे त्यांनी व्हॅलिडेशनच, म्हणजे स्कीमाप्रमाणे तपासणीच, बंद ठेवलं होतं!

हे सगळं मी कॉलवर समजावलं. तिकडचे एक ज्येष्ठ साहेब म्हणाले, "पण काल दुपारची फाईल पास झाली ना?"

"हो सर, तो आयडी एफनं सुरू झाला होता."

"मग तोच ठेवा ना कायम. चांगला आयडी आहे."

"सर, तो दरवेळी वेगळा लागतो."

"बरं, मग एफवाल्यांतलाच दुसरा बघा."

आरटीओत चॉइस नंबर मागावा तसं. वर म्हणाले, "थोडे जास्तीचे काढून ठेवा, चांगले चांगले इकडे पाठवा, आम्ही अप्रूव्ह करतो." कुणी हसलं नाही. आमचा मॅनेजर तर चक्क म्हणाला, "नोटेड सर."

मी म्हटलं, पुढे अंडरस्कोअर लावतो, विषय संपला. तर साहेब लगेच, "म्हणजे ३७ झाले, लिमिट ३६ आहे." आयडी म्हणजे काय ते यांना कळत नाही, पण बेरीज मात्र चोख! मग मधले चार डॅश उडवले, ३२ अधिक १, तेहतीस. बदल एका ओळीचा, डिप्लॉय केला, फाईल धडाधड पास.

संध्याकाळी मेल आली. डॅश कुणाच्या परवानगीनं काढले? सोबत एक्सेलचा फॉर्म, 'कारण' या कॉलमात ड्रॉपडाऊन आणि त्यात दोनच पर्याय: व्हेंडरची चूक आणि नेटवर्क. 'स्कीमा चुकीचा' कुठेच नाही. मी नेटवर्क टाकलं. आता नेटवर्कवाल्यांचा फोन येतोय.