बुडावरचा बाण आणि मामीची फुलदाणी

जुन्या तोफगोळ्याच्या पुंगळीवरचे ठसे कसे वाचायचे ते सांगणारा तोच मजकूर महिनाभरात व्हॉट्सअॅपवर चौथ्यांदा आला. या वेळी आतेभावाने पाठवला होता, खाली एक ओळ जोडून: "मामीची फुलदाणी विकू नकोस!" मामी म्हणजे माझी आई आणि फुलदाणी म्हणजे तोफगोळ्याची पितळी पुंगळी, तोफेची दारू भरायचा, गोळा उडाल्यावर मागे उरणारा डबा. देवळालीला तोफखान्याची शाळा, नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र आणि भांडी बाजारात मोडीचं पितळ घेणारी दुकानं. अशा गावात ही वस्तू कुणाच्या ना कुणाच्या दिवाणखान्यात असायचीच.

मजकुराचा मुख्य दावा असा, की बुडावरचे ठसे वाचले की ही पुंगळी कोणत्या लढाईत उडवली ते कळतं. अजिबात कळत नाही. भांडी बाजारातून घेतलेल्या पातेल्यावर आपण नाव आणि तारीख घालतो. त्यावरून पातेलं कुणी कधी दिलं ते समजतं, त्यात बासुंदी कुठल्या लग्नात आटवली ते नाही. इथेही तसंच. ब्रिटिश पुंगळीच्या बुडावर तोफेचा प्रकार असतो ('१८ पीआर' म्हणजे १८ पौंडी, '२५ पीआर' म्हणजे २५ पौंडी), कारखान्याची अक्षरं असतात, खेपेचा क्रमांक असतो आणि साल असतं. ते साल पुंगळी घडवल्याचं. शिवाय रिकाम्या पुंगळ्या परत नेऊन, दुरुस्त करून पुन्हा भरत असत. 'सीएफ' हा ठसा त्याच हिशेबातला: 'सी' म्हणजे कॉर्डाइट ही दारू आणि 'एफ' म्हणजे पूर्ण भार. त्याचा अर्थ 'कॉर्डाइट फॅक्टरी' असा लावणारेही भेटले, पण कारखान्याशी त्या अक्षरांचा संबंध नाही. बुडाच्या मधल्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) त्याचा स्वतःचा कारखाना आणि स्वतःचं साल असतं, गोळ्याच्या टोकावरच्या फ्यूजवर (गोळा फोडणाऱ्या भागावर) आणखी तिसरं. डबा एका सेटचा नि झाकण दुसऱ्याचं, असा हा मामला. त्यात २५ पौंडी तोफा आपल्या सैन्याने १९६५ आणि १९७१ मध्येही वापरल्या. त्यामुळे १९४० च्या दशकातलं साल दिसलं की लगेच दुसरं महायुद्ध असं म्हणता येत नाही.

बाणाकडे येऊ. मजकूर म्हणतो, 'बाण म्हणजे राजघराण्याचा माल, किंमत लाखात.' हा रुंद बाण ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आहे. तो चाकूवर, हत्यारांवर, पाण्याच्या बाटलीवरही सापडतो. हिंदुस्थानी सरकारी मालावर बाणाखाली 'आय' येतो, कॅनडाच्या मालावर बाण 'सी' अक्षराच्या पोटात. खूण उपयोगाची आहे, देश ओळखायला. पण लाख कुठून आले? पहिल्या महायुद्धात एकट्या पश्चिम आघाडीवर ब्रिटिशांनी १८ पौंडी तोफांचे जवळजवळ १० कोटी गोळे झाडले. एवढ्या पुंगळ्यांमध्ये नुसत्या बाणाने काय दुर्मीळ होणार?

'के म्हणजे किरकी (खडकीचं इंग्रजी नाव)' हे मजकुरात वाचून पुणेकर खूश होतील, पण 'के' बर्मिंगहॅमच्या कायनॉक कंपनीचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. .३०३ रायफलच्या काडतुसांवर त्याचा ठसा दोन अक्षरी आहे, 'केएफ', म्हणजे किरकी फॅक्टरी. 'केएन' दिसलं तर ती किंग्ज नॉर्टन मेटल कंपनी, तीही बर्मिंगहॅमचीच. 'आरएल' म्हणजे वूलिचची रॉयल लॅबोरेटरी, 'ईओसी' म्हणजे न्यूकॅसलची एल्स्विक ऑर्डनन्स कंपनी. एक अक्षर पुसट झालं की गाव बदलतं, म्हणून भिंगाखेरीज निकाल देऊ नये.

सगळ्यात गमतीचा दावा '७५ डीईसी' चा. मजकूर म्हणतो, डिसेंबर महिना. ही फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफेची पुंगळी. ती अक्षरं सुटी करून वाचायची: 'डीई' आणि 'सी', म्हणजे 'द कांपान्य', मैदानी तोफेची. पुढे कारखान्याची अक्षरं, खेप आणि सालाचे शेवटचे दोन आकडे. नाहीतर फ्रान्समधल्या सगळ्या पुंगळ्या डिसेंबरातच घडल्या म्हणायच्या!

'कंपनीचं पूर्ण नाव नसेल तर नकली' हेही खोटं. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन पुंगळ्यांवर 'पोल्टे, माग्डेबुर्ग' असं सरळ नाव सापडतं. दुसऱ्या महायुद्धात मात्र गुप्ततेसाठी सांकेतिक अक्षरं आली आणि त्याच कारखान्याचा माल 'एयूएक्स' या तीन अक्षरांनी निघू लागला.

इथवर हसून सोडता येईल. पण मजकुराच्या शेवटी 'प्रायमर ठोकून बाहेर काढा, आतला नंबर वाचा' असा सल्ला आहे. तो कुणीही ऐकू नये. पुंगळी रिकामी असली तरी प्रायमर जिवंत असू शकतो. मधोमध खड्डा दिसला म्हणून तो उडालेलाच आहे असंही धरू नका. आणि पुंगळीच्या तोंडात गोळा बसलेला असेल, किंवा नुसता गोळा सापडला असेल, तर हात न लावता लांब व्हा आणि ११२ ला फोन करा.

आमची फुलदाणी उलटी करून पाहिली. चाळीस वर्षं चिंच-मिठाने घासल्यामुळे कारखान्याची अक्षरं गेली आहेत. उरलंय '२५ पीआर', एक बाण आणि १९४३. आईला म्हटलं, आता बूड तेवढं घासू नकोस. आतेभावाला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं: "१९४३ ला कुठली लढाई रे?"