१७ सेंटचा विश्वविजेता

“फुटबॉलचा विश्वचषक कोण जिंकणार हे प्रेडिक्शन मार्केटनं आधीच सांगून टाकलंय. आपला लाडका संघ १७ टक्क्यांवर, सगळ्यांच्या पुढे. तिथे लोक खिशातले पैसे लावतात, त्यामुळे तो आकडा पंडितांच्या बडबडीपेक्षा खरा. आणि आठवड्याभरात १३ वरून १७ वर गेलाय, म्हणजे कुणाला तरी आतली बातमी आहे.”

असा मजकूर तुमच्यापर्यंतही आला असेल. संघाचं नाव मी मुद्दाम गाळलंय. नाव बदलत राहतं, बाकी मजकूर तसाच फिरतो. त्यातलं एक विधान अर्धं खरं आहे. उरलेली टिकत नाहीत.

‘सांगून टाकलंय’ हे पहिलं. प्रेडिक्शन मार्केट म्हणजे पुढे काय घडेल यावर पैसे लावायचा बाजार. त्यात ‘हा संघ जिंकेल का?’ या प्रश्नावर ‘हो’चा आणि ‘नाही’चा असे शेअर विकले जातात. संघ जिंकला तर ‘हो’च्या एका शेअरचा एक डॉलर मिळतो, हरला तर शून्य. तो शेअर आज १७ सेंटला मिळतोय, म्हणून १७ टक्के. म्हणजे त्याच बाजाराच्या हिशेबात संघ न जिंकण्याची शक्यता ८३ टक्के आहे. फासा टाकल्यावर सहा पडण्याची शक्यता साधारण एवढीच असते, आणि ‘सहाच पडणार’ असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही.

मग सगळ्यांच्या पुढे असलेला संघ फक्त १७ वर का? ४८ संघांच्या स्पर्धेत गटसाखळी पार केल्यावर बाद फेरीचे पाच सामने ओळीनं जिंकावे लागतात. समोर कुणीही येवो, दर सामना जिंकण्याची शक्यता ७५ टक्के असलेला संघ धरा. ०.७५ चा पाच वेळा गुणाकार केला की २३.७ टक्के उरतात. ७० टक्के धरले तर १६.८. प्रत्येक सामन्यात वरचढ असलेला संघसुद्धा चषकापासून इतका लांब असतो. २०२२ मध्ये ब्राझील सट्टेबाजांच्या पहिल्या पसंतीचा संघ म्हणून कतारला गेला. उपांत्यपूर्व फेरीत अतिरिक्त वेळेत नेमारनं गोल केला, ११७ व्या मिनिटाला क्रोएशियानं बरोबरी साधली आणि पेनल्टी शूटआउटमध्ये ब्राझील ४-२ असा बाद झाला.

१७ टक्के म्हणजे ‘१७ टक्के लोकांना तसं वाटतं’ असाही एक अर्थ लावला जातो. तोही चूक. इथे डोकी मोजली जात नाहीत. दहा डॉलर लावणारा आणि दहा लाख लावणारा यांचं वजन सारखं नसतं.

आता ते अर्धं खरं विधान: खिशातले पैसे. पैसे बुडण्याची भीती असली की माणूस जरा विचार करून बोलतो, हे मला मान्य आहे. टीव्हीवरच्या पंडिताचा अंदाज चुकला तर पुढच्या सामन्याला तो पुन्हा त्याच खुर्चीत असतो. बाजारात चूक करणारा पैसे गमावतो, आणि दुसऱ्याची चूक हेरणारा ते कमावतो. भाव शहाणे होतात ते यामुळे. पण चाहत्याचे पैसेही खिशातलेच असतात. आपल्या संघावर प्रेमापोटी लावलेला डॉलर आणि अभ्यास करून लावलेला डॉलर यांत बाजार फरक करत नाही. फरक पडतो तो प्रेमापोटी चढलेला भाव पाहून समोरून विकणारे पुरेसे असतील तेव्हाच.

आणि ते नेहमी पुरेसे नसतात. घोड्यांच्या शर्यतींवरच्या सट्ट्यात ग्रिफिथ या अभ्यासकाला १९४९ मध्येच दिसलं होतं, की जिंकण्याची आशा जवळजवळ नसलेल्या घोड्यांवर लोक गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात. फुटबॉलमध्ये तेच घडायला आणखी एक साधं कारण आहे. दुबळ्या संघाचा ‘नाही’ शेअर ९९ सेंटला घेतला तर वर्षभरानं एक सेंट सुटणार. एवढ्यासाठी पैसे अडकवून कोण बसेल? म्हणून ‘हो’चा भाव अर्ध्या-एक सेंटवर तरंगत राहतो. एका संघाचा अर्धा सेंट क्षुल्लक वाटतो, पण अशा ३० संघांचे मिळून १५ सेंट होतात. १९३० ते २०२२ या काळातल्या २२ विश्वचषकांत मिळून फक्त आठच देश जिंकले आहेत, हे लक्षात घेतलं की ते १५ सेंट किती फुगलेले आहेत ते कळतं. सगळ्या संघांच्या ‘हो’ भावांची बेरीज एकदा करून पाहा. विजेता एकच असतो, म्हणून ती १०० व्हायला हवी. ती १०० च्या वर गेली, तर वरचा प्रत्येक आकडा टक्केवारी म्हणून जसाच्या तसा वाचता येत नाही. फिरणाऱ्या मजकुरात ही बेरीज मी अजून एकदाही पाहिलेली नाही.

राहिली ‘आतली बातमी’. १३ चे १७ व्हायला बातमीच लागते असं नाही. प्रतिस्पर्ध्याचा मुख्य खेळाडू जायबंदी झाला, सोडतीत सोपा गट मिळाला, की भाव चढतो, आणि ही माहिती सगळ्यांसमोर असते. विक्रीच्या ऑर्डर कमी असतील तर एकच मोठा खरेदीदारही भाव वर ढकलू शकतो. २०२४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत पॉलीमार्केट या प्रेडिक्शन मार्केटवर अनेक खात्यांमधून पैसे लावणारा एकच फ्रेंच व्यापारी निघाला होता. त्याचा अंदाज बरोबर ठरला, हेही सांगायला हवं. पण तेव्हा ‘हजारोंचं सामूहिक शहाणपण’ म्हणून जे मिरवलं जात होतं, त्यात एका माणसाच्या मताचा वाटा मोठा होता. तेव्हा चढलेल्या भावाआधी त्यामागची उलाढाल बघावी.

उलट बाजूचा उत्साहही कमी नसतो. आवडता संघ हरला की ‘बाजार बोगस’ हे ठरलेलं. २२ नोव्हेंबर २०२२ ला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ हरला आणि पुढे विश्वविजेता झाला. त्या पराभवानंतर त्याचा भाव पडणं चूक होतं का? नव्हतं. गटातूनच बाहेर पडण्याचा धोका खरोखर वाढला होता. २० टक्के शक्यता सांगितलेली गोष्ट घडली, म्हणून २० हा आकडा खोटा ठरत नाही. तसे शंभर अंदाज घ्यावेत आणि त्यातले वीसच्या आसपास खरे ठरतात का ते पाहावं. हवामानशास्त्रज्ञ ब्रायर यांनी १९५० मध्ये असे अंदाज तपासण्यासाठी गुण देण्याची पद्धत मांडली, ती आजही वापरात आहे. चार वर्षांतून एक विजेता मिळणाऱ्या स्पर्धेवरून मात्र अशी परीक्षा घ्यायला आयुष्य पुरायचं नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी मजकूर पुढे पाठवणारे वाचतच नाहीत: सौद्याचा नियम. २०२२ च्या अंतिम सामन्यात ७९ व्या मिनिटापर्यंत अर्जेंटिना २-० पुढे होता. मग फ्रान्सच्या एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल केले. ९० मिनिटांचा खेळ संपला तेव्हा २-२, अतिरिक्त वेळेनंतर ३-३, आणि शूटआउटमध्ये ४-२. ‘चषक कोण उचलेल’ या सौद्यात अर्जेंटिनावाल्यांना पैसे मिळाले. ‘निर्धारित वेळेत कोण जिंकेल’ या सौद्यात त्याच अर्जेंटिनावर पैसे लावणाऱ्यांच्या हाती काहीच आलं नाही, कारण त्या सौद्यापुरता सामना बरोबरीत सुटला होता.