चपलेचा प्रश्न

कालपासून माझ्या घराच्या पायरीवर दोन स्लीपर पडल्या आहेत. एक निळी, एक हिरवी, आणि दोन्ही डाव्या पायाच्या. त्या घालून मी भर दुपारी रत्नागिरीहून पावसपर्यंत एसटीत उभा राहून आलो. कंडक्टरनं तिकीट देताना खाली पाहिलं आणि मग सुटे पैसे मागितले नाहीत. माणसाची किती कीव यावी!

कारण नेहमीचंच. आमच्या कलमांच्या बागेचा सातबारा सामाईक आहे, त्यावर नावं चौदा. यंदा बाग कराराने द्यायची ठरली आणि संमतीपत्र फिरू लागलं. डोंबिवलीच्या चुलतभावाला ते व्हॉट्सॲपवर पाठवलं तर त्यानं उत्तर म्हणून अंगठा पाठवला. सातबाऱ्याच्या कामात अंगठाही चालतो, पण तो शाईचा लागतो, हे सांगायला मला डोंबिवलीला जावं लागलं. अशा तेरा सह्या झाल्या. चौदावी माईआत्याची. तिच्या भावांनी एकदा हक्कसोडपत्र पुढे केलं होतं तेव्हा 'चष्मा सापडत नाही' म्हणून तिनं सही टाळली. त्याला एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात चार चष्मे झाले.

आत्या राहते थिबा पॅलेसपासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या हवेचा गुण लागतो असं माझं मत आहे.

थिबा म्हणजे ब्रह्मदेशचा शेवटचा राजा, राज्य घेऊन इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेला. त्याचं नाव इथं रिक्षावाल्यापासून सगळ्यांच्या तोंडी असतं. राणीचं कोणी घेत नाही. वास्तविक मंडालेच्या राजवाड्यात शब्द चालायचा तो सुपयालत राणीचा. तिच्या दोन बहिणीही थिबालाच दिलेल्या, पण त्या नावाला. त्या दरबारात राजाराणीपुढे उभं राहण्याची सोय नव्हती. प्रधान असो की दासी, गुडघ्यांवर रांगत यायचं, हात जोडून कपाळ टेकायचं आणि तळपाय दिसणार नाहीत असे मागे मुडपून बसायचं. पायताण अर्थातच बाहेर. इंग्रज वकिलांनाही हीच शिस्त होती. १८७५ साली सर डग्लस फोर्साइथ बूट काढून थिबाच्या बापासमोर, मिंदॉन राजासमोर, जमिनीवर बसून आले आणि नंतर हिंदुस्थान सरकारला अचानक अपमान आठवला. यापुढे आमचा माणूस बूट काढणार नाही, असा हुकूम निघाला. मग बुटासकट भेट नाही, असं दरबारानं ठरवलं. म्हणजे इंग्रजांचा रेसिडेंट मंडालेत राहायचा, जेवायचा, झोपायचा, आणि ज्याच्यासाठी त्याला ठेवलं त्या राजाला भेटायचा नाही. १८७९मध्ये रेसिडेन्सीच उठली आणि १८८५मध्ये राज्य. युद्धाचं निमित्त सागवान तोडणाऱ्या कंपनीला ठोठावलेल्या दंडाचं होतं. पण दोघं समोरासमोर बसू शकत असते तर... जाऊ दे. बूट काढणाऱ्याच्या बाजूनं मी आजवर कधी विचार केला नव्हता. काल केला.

आत्याच्या फाटकाशी दाजी बसतात. हे आत्याच्या यजमानांबरोबर कचेरीत कारकून होते. यजमान गेले, कचेरी सुटली, पण दाजी रोज सकाळी नऊला येऊन फाटकाजवळच्या जांभ्याच्या चिऱ्यावर बसतात आणि साडेपाचला उठतात. दुपारचा डबाही आणतात. मी चड्डीत असल्यापासून ते मला ओळखतात. एकदा त्याच फाटकात माझं बोट चेमटलं तेव्हा त्यांनीच हळद दाबली होती.

"आपलं येणं कशासंदर्भात?" दाजी म्हणाले.

"दाजी, मी."

"ते दिसतंय. संदर्भ विचारला."

"आत्याची सही हवी होती."

दाजींनी खिशातून डायरी काढली. ती गेल्या सालाची होती, म्हणून प्रत्येक पानावर छापलेली तारीख खोडून त्यांनी वर नवी घातलेली. बोट लावून त्यांनी पान शोधलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि विचारलं, "सही कशावर?"

"संमतीपत्रावर."

"मूळ प्रत की नक्कल?"

"मूळ."

"मग नक्कल कुठाय?"

"नक्कल कशाला लागते?"

दाजींनी टोपण दातातून काढलं. आपल्या उभ्या नोकरीत असा अडाणी अर्जदार आला नव्हता, अशा नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले. "मूळ प्रत हरवली तर?"

मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. दोन रुपये. परत आलो तर दाजींनी पहिल्यापासून सुरुवात केली. "आपलं येणं कशासंदर्भात?"

देवाशपथ सांगतो, मी हसलो नाही. थट्टा असती तर हसलो असतो. त्यांनी पुन्हा नाव लिहिलं, वेळ नव्यानं घातली आणि आधीच्या नोंदीपुढे 'परत पाठविले' असा शेरा मारला. मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"वहाणा इथं काढायच्या."

"दाजी, घर तिकडे आहे. मधे सगळी खडी आहे."

"सगळे इथंच काढतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"आज आपणच."

माझ्या चपला नव्या होत्या. कोल्हापुरी, साडेनऊशेच्या, दसऱ्याला घेतलेल्या, आणि आत्ता कुठे करकरायच्या थांबल्या होत्या. मी त्या चिऱ्याच्या कडेला काढल्या. दाजींनी वाकून एक उचलली, तळवा पाहिला, नखानं टाका तपासला. "चांगली हाय," एवढाच मराठी शब्द त्या तासात त्यांच्या तोंडून बाहेर पडला. बाकी सगळं कचेरीचं. मग मी त्या खडीवरून आई गं, आई गं करत पडवीपर्यंत गेलो.

पडवीत आत्या झोपाळ्यावर. वय ब्याऐंशी, झोपाळ्याच्या कडीला चाव्यांचा जुडगा, मांडीवर मांजर. खाली शेजारच्या काकू डाळिंब्या सोलत बसलेल्या. या काकूंचं काम आत्याचं बोलणं पुन्हा म्हणायचं. आत्या म्हणाली, "उशीर केलास." काकू म्हणाल्या, "उशीरच केलान." फाटकात पाऊण तास गेला हे मी सांगितलं. आत्या काही बोलली नाही, म्हणून काकूही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातून कामवाली आली, आत्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली. आत्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. बातमी चहाची होती की माझी, ते कळलं नाही. चहा आला नाही एवढं खरं.

"नुसता बसतोस कशाला, हात लाव," आत्या म्हणाली.

"हात लाव की," काकू.

तर मी मांडी घालून वाल सोलायला लागलो. मोड आलेले भिजके वाल नुसते हातात धरून होत नाही. शेंड्याला चिमटीत दाबलं की डाळिंबी सालातून गोळीसारखी सुटते. काकूंच्या सगळ्या परातीत पडत होत्या. माझी तिसरी झोपाळ्याखाली गेली.

"अन्न हाय ते," काकूंनी आपणहून काढलेलं हे पहिलं वाक्य.

मी गुडघ्यांवर झालो, हात पुढे टेकले आणि झोपाळ्याखाली शिरलो. डाळिंबी भिंतीच्या कडेला गेली होती, म्हणून कपाळ जवळजवळ जमिनीला लागलं. तेवढ्यात वर झोपाळा थांबला. मी तसाच मान वळवून पाहिलं, तर आत्या वरून बघत होती. सुपयालत राणी रत्नागिरीत आली, मंडालेतलं सगळं गेलं, चोवीस वर्षं सरकारनं दिलेल्या बंगल्यांत काढली, १९१०मध्ये हा पॅलेस झाला. पण नोकरांचं रांगणं तिनं सोडलं नाही म्हणे. मला ते वाचताना चमत्कारिक वाटलं होतं. झोपाळ्याखालून नाही वाटलं. राज्य गेल्यावर माणसाकडे दुसरं उरतं काय?

कागद पुढे केला. आत्यानं चष्मा लावला. लगेच सापडला.

"विहिरीजवळचं कलम पण देताय कराराने?"

"सगळीच बाग."

"ते माझ्या आईनं लावलंय. त्याची एक पेटी तरी कधी आणून दिलीत?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर होतंच कुठे? दरवर्षी पेट्या मुंबईला जातात, साहेबांना जातात, आमच्या हिचे माहेरवाले आपापल्या गाडीतून नेतात, आणि भाट्ये पूल ओलांडून वीस किलोमीटरवर एक पेटी द्यायला कोणाला वेळ झालेला नाही. काकूसुद्धा गप्प. मला इतका राग आला, आणि तो नेमका कोणाचा ते ठरेना, म्हणून मी तो दाजींवर काढायचं ठरवलं.

"शनिवारी ये," आत्या म्हणाली. "विचार करून सांगते."

"शनवारी," काकू.

एका सहीला किती हो विचार! चौदा माणसांची बाग, माणशी हिशेब केला तर पेट्रोलचेही पैसे सुटत नाहीत, आणि तेवढ्यासाठी डोंबिवलीपासून रत्नागिरीपर्यंत मीच का फिरायचं? बाकीचे तेरा काय करतात? अंगठे पाठवतात.

तणतणत खडीवरून फाटकाशी आलो. चिऱ्यावर दाजी नव्हते. डबा होता, डायरी होती. चपला नव्हत्या.

मंडाले पडलं त्या रात्री राजवाड्यातल्या बायकांना आत-बाहेर करताना कोणी तपासलं नाही आणि भराभर ऐवज गेला, असं सांगतात. राजाचं मोठं माणिकही त्याच धामधुमीत गेलं. इंग्रजांच्या कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं, असं राजाचं म्हणणं. पुढे रत्नागिरीत बसून त्यानं सरकारकडे अर्ज केले. स्लेडन १८९०मध्ये वारला. माणिक आलं नाही. निदान राजाच्या वस्तू पोशाखी माणसानं तरी नेल्या.

कामवाली म्हणाली, दाजी बाजारात गेलेत, येतील साडेपाचपर्यंत. मला सव्वाची एसटी होती. तिनं मागल्या दारच्या संडासातल्या स्लीपर आणून दिल्या. उजव्या कुठाहेत विचारलं तर म्हणाली, "त्या कुत्र्यानं नेल्या."

आज सकाळी आत्याचा फोन आला. मला वाटलं, सहीचं असेल.

"दाजी म्हणतायत, तुझी चप्पल डाव्या पायाला जरा चावते."

"मग काढून ठेवायला सांग."

"वापरल्यानं सैल होईल म्हणतात. शनिवारपर्यंत होईल. आणि येताना स्लीपर आण हो, इथं अडलंय सगळ्यांचं."