बोट मिळाली, तांडेल कुठाय?

"एवढ्याशा बेटाला बोटी फुकट वाटायच्या, आणि आमच्या खाडीत पोलिसांची बोट चिखलात रुतलेली. हा कुठला न्याय गं?"

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरातून दादाचा फोन होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, त्याचा ट्रॉलर आहे. त्या दिवशी टीव्हीवर भारताने शेजारी देशांना दिलेल्या गस्ती नौकांवर चर्चा चालली होती, ती बघून त्याने तडक मलाच फोन लावला, कारण ते "एवढंसं बेट" म्हणजे मॉरिशस आणि मी तिथे राहते. पोर्ट लुईच्या बंदरात लागणाऱ्या जहाजांना शिधा, भाजीपाला, दोरखंड पुरवणाऱ्या एका कंपनीत मी हिशेब बघते. घर माहेबूरला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर.

गंमत म्हणून तो हे विचारत नव्हता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर भर समुद्रात त्याच्या ट्रॉलरचं इंजिन बंद पडलं. बरोबर सहा खलाशी होते. किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात घरच्यांनी फोन केला. उत्तर मिळालं की बोट आहे, पण ती चालवणाऱ्या माणसाचं, म्हणजे तांडेलाचं, कंत्राट संपलंय आणि नवीन माणूस अजून आलेला नाही. शेवटी ओळखीच्या दुसऱ्या ट्रॉलरने दोर बांधून त्यांना ओढत आणलं, नऊ तासांनी. त्या रात्री वहिनी झोपली नव्हती, आणि इथे मीही नाही.

म्हणून दादाला झटकन काही उत्तर देता आलं नाही. गेले काही महिने ते मनात घोळतंय.

आधी बेटाचं सांगते. मॉरिशसची जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्शाइतकी. पण त्याच्या नावावर असलेला समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर आहे, जवळपास भारताच्या सागरी आर्थिक क्षेत्राच्या, म्हणजे भारताचा हक्क असलेल्या समुद्राच्या, तोडीचा. या देशाला सैन्य नाही. समुद्रावरचं सगळं काम राष्ट्रीय तटरक्षक दल करतं. १९८७ मध्ये उभं राहिलेलं हे दल पोलिसांचाच भाग आहे, त्यामुळे बोटीवरचा माणूस हुद्द्याने पोलीसच असतो. शेजारच्या फ्रेंच रियुनियन बेटावरून वेगवान बोटींतून येणारा गांजा त्यानेच अडवायचा, परदेशी मासेमारी जहाजांवर नजर त्यानेच ठेवायची, वादळात पिरोग, म्हणजे छोटी होडी, घेऊन अडकलेल्या कोळ्यालाही त्यानेच आणायचं.

या दलाचं सर्वांत मोठं जहाज 'बॅराकुडा' कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये बांधलं. मार्च २०१५ मध्ये ते इथे दाखल झालं. पाठोपाठ आलेल्या 'व्हिक्टरी' आणि 'व्हॅलियंट' या गस्ती नौका गोवा शिपयार्डच्या, आपल्या वास्कोच्या. मॉरिशस आणि त्याचीच रॉड्रिग्ज, सेंट ब्रँडन, अगालेगा ही बेटं, इथल्या किनारी रडारांची साखळी भारत इलेक्ट्रॉनिक्सची, २०११ पासूनची. टेहळणीची डॉर्नियर विमानंही भारतातूनच आली.

दादाला मी आठवण करून दिली ती एका गोष्टीची. केंद्राच्या किनारी सुरक्षा योजनेत, पहिल्या टप्प्यात, किनाऱ्यावरच्या राज्यांच्या पोलिसांना २०४ बोटी मिळाल्या. त्या याच दोन गोद्यांनी बांधल्या, गोवा शिपयार्डने आणि गार्डन रीचने. म्हणजे मॉरिशसला चांगली बोट गेली आणि आपल्या वाट्याला टाकाऊ आली, असं झालेलं नाही. कारागीर तेच होते. पुढे त्या बोटींचं काय झालं ते कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी, वेगवेगळ्या किनारी राज्यांच्या अहवालांत लिहून ठेवलंय: गस्तीचे तास कमी, दुरुस्ती रखडलेली, माणसं अपुरी. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं, २००८ मध्ये 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून दहा दहशतवादी कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले, आणि तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतहून मालकाच्या छळाला कंटाळून निघालेले तिघे तमिळ खलाशी थेट गेट वे ऑफ इंडियाजवळ पोहोचेपर्यंत त्यांना कुणी हटकलं नाही. ते बिचारे जीव वाचवायला आले होते. पण ज्या वाटेने ते आले, ती वाट उघडीच होती.

मग इथे काय वेगळं आहे? शेजारच्या मावशींचा मुलगा तटरक्षक दलात आहे. या मावशींचे पूर्वज रत्नागिरीकडचे, उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्यांपैकी. घरात क्रिओल बोलतात, आरती मराठीत म्हणतात, आणि गणपतीत इथली मंडळी जी झाकरी नाचतात ती बघताना मला आपली जाखडीच दिसते. त्यांचा मुलगा प्रशिक्षणासाठी कोचीला, भारतीय नौदलाकडे जाऊन आला. परतताना कोकण रेल्वेने रत्नागिरीला उतरला आणि आजोबांनी सांगितलेलं गाव दोन दिवस शोधत हिंडला. गाव सापडलं नाही. एका घरात त्याला जेवायला मात्र बसवलं, हे तो अजून सांगतो.

सांगायचा मुद्दा असा की समुद्रावर जाणं ही त्याची कायमची नोकरी आहे. सुकाणू, इंजिन, वायरलेस, पाण्यात जीव वाचवणं, यातल्या एकेका कामात तो वर चढत जाईल आणि निवृत्तही तिथूनच होईल. पुढच्या वर्षी आपली बदली वाहतूक शाखेत होईल, अशी धाकधूक त्याला नाही. भारताने जे दिलं त्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे प्रशिक्षण. फीत कापतानाच्या फोटोत ते दिसत नाही.

पण इथलं सगळं छान चाललंय असं मी म्हणणार नाही. २५ जुलै २०२० च्या संध्याकाळी 'वाकाशिओ' हे प्रचंड मालवाहू जहाज आमच्या जवळच्या प्वांत देस्नीच्या प्रवाळावर चढलं. मालक जपानी, कप्तान भारतीय. किनाऱ्यावर रडार होतं, दलाकडे जहाजं होती, विमानं होती. जहाजाशी संपर्काचा प्रयत्न केला, तिकडून उत्तर आलं नाही, असं नंतर सांगण्यात आलं. पुढचे बारा दिवस ते जहाज आमच्या डोळ्यांसमोर उभं होतं. रोज कामावर जाताना दिसायचं. ६ ऑगस्टला त्याच्यातून तेल सुटलं, सुमारे एक हजार टन. मग आम्ही सगळ्यांनी, शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, उसाचा पाला कापडात भरून, प्लास्टिकच्या बाटल्या बांधून तरंगते बांध शिवले. माझ्या हातांचा तेलाचा वास आठवडाभर गेला नाही. भारताने विमानाने ३० टनांहून अधिक सामग्री आणि तटरक्षक दलाची दहाजणांची तुकडी पाठवली, फ्रान्स आणि जपानची माणसंही आली. सगळ्यांचे उपकार आहेतच. पण ती मदत आली तेल सांडल्यावर.

रडारवर ठिपका दिसतो. तो ठिपका वाट चुकलाय हे ओळखून, वरच्या साहेबाला झोपेतून उठवून, "आत्ता बोट काढा" असं म्हणण्याचा अधिकार आणि हिंमत ड्यूटीवरच्या माणसाकडे असावी लागते. ती कुठल्याही देशाकडून भेट म्हणून येत नाही. उलट देणारे वाढले की गोंधळच वाढतो. जहाजांच्या माहितीसाठी युरोपीय संघाची एक यंत्रणा आहे, अमेरिकेची दुसरी, आपल्या गुरुग्रामच्या केंद्राची तिसरी. प्रत्येकाची कार्यशाळा वेगळी, प्रमाणपत्र वेगळं, पासवर्ड वेगळा. इतक्या लहान दलातली तीच तीच पंधरा-वीस माणसं सगळीकडे जाऊन बसतात. देणाऱ्यांनी आधी आपसात बोलावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि पकडल्यावर पुढे काय? या प्रश्नाकडे तर दोन्हीकडे उशिराच लक्ष गेलं. सोमाली चाचेगिरी शिगेला पोहोचली तेव्हा युरोपीय नौदलांनी पकडलेल्या चाच्यांवर खटले चालवायला केनिया, सेशेल्स आणि मॉरिशस पुढे आले. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हे कार्यालयाने न्यायालयं, तुरुंग, सरकारी वकील यांवर पैसा आणि माणसं लावली. मॉरिशसने २०११ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जानेवारी २०१३ मध्ये बारा सोमाली संशयित इथे आणले गेले. नोव्हेंबर २०१४ मध्ये खालच्या न्यायालयाने त्यांना सोडलं, वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि अखेर २०१६ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, तोवर त्यातला बराचसा काळ तुरुंगातच गेला होता. ज्या जहाजावर हल्ला झाला त्याचे खलाशी जगभर पांगलेले असतात, सोमाली दुभाषा शोधावा लागतो, समुद्रात जप्त केलेल्या वस्तूंची साखळी कोर्टात सिद्ध करावी लागते. बोट देण्यापेक्षा हे काम कितीतरी चिवट.

मुंबईला याचा अनुभव आधीच आलेला होता. १९९९ मध्ये 'अलोंड्रा रेनबो' हे पळवलेलं जपानी जहाज आपल्या नौदलाने आणि तटरक्षक दलाने पाठलाग करून पकडलं, त्याचं जगभर कौतुक झालं. २००३ मध्ये चाच्यांना शिक्षा झाली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून ते सुटले. चाचेगिरीसाठी आपला स्वतंत्र कायदा व्हायला त्यानंतर २०२२ साल उजाडलं. तो झाला म्हणून मार्च २०२४ मध्ये 'रुएन' या पळवलेल्या जहाजावरून पकडलेले ३५ चाचे मुंबई पोलिसांच्या हाती देता आले. नौदलाचे मार्कोस कमांडो विमानातून समुद्रात उतरले ती चित्रफीत दादाने मलाही पाठवली होती. मला त्या चित्रफितीएवढाच अभिमान वाटतो तो या कायद्याचा, कोणी तो पाठवत नसलं तरी.

दादाच्या प्रश्नाची दुसरी बाजू इथल्या बाजारात ऐकू येते. माहेबूरच्या सोमवारच्या बाजारात मासे विकणारी बाई मला विचारते, "तुमचा देश आम्हाला इतकं देतो, बदल्यात काय घेणार?" अगालेगा बेटावर जेमतेम तीनशे माणसं राहतात. तिथे भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला, २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. हा लष्करी तळ नाही, असं इथली सरकारं सांगत आली आहेत. पण अटी पूर्ण उघड करा ही मागणी काही थांबलेली नाही, आणि ती मला रास्त वाटते. सेशेल्समध्ये असम्प्शन बेटावर सोयी उभारण्याचा भारताचा करार लोकांच्या विरोधामुळेच अडला. मालदीवमध्ये तर भारताने मदतीसाठी दिलेल्या विमानांबरोबरची भारतीय माणसंच निवडणुकीचा विषय झाली. ज्याच्या घरात आपण कुलूप बसवून देतो, त्याला चावी कुणाकडे आहे हे कळायलाच हवं. मॉरिशसच्या तटरक्षक दलाचा प्रमुख आजही भारतीय नौदलातून प्रतिनियुक्तीवर येतो. सुरुवातीला ते गरजेचं होतं. आता मावशींच्या मुलाच्या पिढीतलं कुणीतरी त्या खुर्चीत बसावं, आणि त्या दिवशी आपल्या नौदलाने ते स्वतःचं यश मानावं. हे मी इथल्या भारतीय मंडळींत बोलले तर काहींना आवडलं नाही. तरी माझं मत तेच आहे.

म्हणून शेवटी मीच दादाला फोन केला आणि म्हटलं ते असं. इथली मदत थांबवून आपल्या खाडीतली बोट चालू होणार नाही. उद्या रियुनियनहून येणारी वाट, सोमालियाकडची वाट मोकळी सुटली तर त्याचा त्रास मुंबईच्या जहाजांना होईल, आणि त्या जहाजांवर रत्नागिरी-रायगडची पोरं आहेत. तू भांडायचंच असेल तर मागणी नेमकी कर. जे आपण कोचीत मॉरिशसच्या मुलाला शिकवतो, ते सागरी पोलिसात येणाऱ्या आपल्या मुलालाही शिकवा. बोटीवरचा तांडेल आणि इंजिनवाला कायमचा नेमा. डिझेल आणि दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीबरोबरच मंजूर करा. आणि कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर आपल्या हद्दीत घुसतात तेव्हा तुम्ही रात्री फोन करता, त्या फोनला उत्तर देणारा माणूस समुद्र ओळखणारा असू दे.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमचा बारका पोलीस भरतीला बसतोय."

बारका म्हणजे माझा भाचा, दादाचा मुलगा. दहाव्या वर्षापासून बापाबरोबर समुद्रावर जातो. अंधारात, ढगाळ आभाळाखाली, नुसत्या लाटेच्या मारावरून हर्णैचं बंदर कुठल्या अंगाला आहे हे सांगतो. मी विचारलं, भरतीत पोहणं, बोट हाकणं, काही बघतात का?

"सोळाशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक," दादा म्हणाला. "गोळा अजून कमी जातो त्याचा. रोज पहाटे वाळूत फेकत असतो."