खुलासा : ‘लहान मुलांना ताण कळत नाही’ हे खरं नाही

बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी चढू लागलं की दांडिया बाजारातल्या आपल्या ग्रुपवर मेसेज फिरतो : ‘पाच वर्षांखालच्या मुलांना ताण कळत नाही, त्यांच्यासमोर बिनधास्त बोला.’ हे चूक आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आईने चेहरा निर्विकार ठेवला, तर काही महिन्यांची बाळंही कावरीबावरी झाली. तीन-चार वर्षांची पोरं बोलून दाखवत नाहीत. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, पोट दुखतं, आईचा पदर सुटत नाही. (आजी, हे नाटक नव्हे.) खरं तेच, पण थोडक्यात सांगा : ‘पाणी वाढलंय, आपण वर जाऊ, मी सोबत आहे.’ पुराच्या बातम्या सारख्या लावू नका. झोपण्याआधीची गोष्ट मात्र चुकवू नका. आठवडे उलटूनही फरक नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.