सातोने तिथे घुसायलाच हवं होतं

मोटर रेसिंगमधल्या जपानी ड्रायव्हरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "होंडाच्या जिवावर आलाय." मला हे आता ऐकवत नाही.

१९८७ मध्ये सातोरू नाकाजिमाला फॉर्म्युला वनमध्ये लोटस टीमची गाडी मिळाली ती होंडाच्या इंजिनामुळे, मान्य. टीममेट साक्षात महान ड्रायव्हर आयर्टन सेना, त्यामुळे तुलनेत तो मार खाणार हे उघड होतं. पण १९८९ची ऑस्ट्रेलियातली ॲडलेडची रेस बघा. धो धो पाऊस, भलेभले ट्रॅकवरून बाहेर फेकले जातायत आणि २३व्या जागेवरून निघालेला नाकाजिमा चौथा येतो. सर्वांत वेगवान लॅपही त्याचाच. आणि लोटसकडे तोवर होंडाचं इंजिन उरलंही नव्हतं!

१९८७ला जपानमधल्या सुझुकाच्या रेसमध्ये हाच नाकाजिमा सहावा आला, तेव्हा प्रेक्षकांत १० वर्षांचा ताकुमा सातो बसला होता. पुढे तो सायकल रेसिंगमध्ये रमला. मोटर रेसिंगकडे वळला तो विशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा बाकीच्या मुलांची कार्टिंगमध्ये, म्हणजे छोट्या गाड्यांच्या रेसिंगमध्ये, दहा-दहा वर्षं झालेली असतात. तरी २००१ला फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीवरच्या ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा चॅम्पियन.

२०१२ची इंडी ५००, अमेरिकेतली ५०० मैलांची प्रसिद्ध रेस. शेवटचा लॅप, पुढे दारियो फ्रँकिटी. पहिल्या वळणावर सातो आतून घुसला. जागा जेमतेम एका गाडीची, चाकं थेट आतल्या पांढऱ्या पट्टीवर. मागची बाजू सुटली, गाडी गर्रकन फिरली आणि भिंतीवर. दुसरा नंबर हातात होता, तोही गेला. किती जणांनी त्याला उतावळा म्हटलं! मी तो व्हिडिओ असंख्य वेळा पाहिलाय आणि दर वेळी वाटतं, याने घुसायलाच हवं होतं. इंडीत दुसरा कोण आला, हे कोण लक्षात ठेवतं?

२०१७ला तो पुढे होता आणि मागून तीन वेळचा विजेता कास्ट्रोनेव्हस अंगावर येत होता. सातोने आतली बाजू सोडली नाही. फरक ०.२०११ सेकंद. इंडी ५०० जिंकणारा पहिला आशियाई! अमेरिकेतल्या एका क्रीडा पत्रकाराने लिहिलं की, मेमोरियल डेच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, वीकेंडला जपानी माणूस जिंकला याने त्याला अस्वस्थ वाटतंय. त्याच्या वर्तमानपत्राने त्याला काढून टाकलं. बरं केलं.

२०२०ला सातो पुन्हा जिंकला. तेही त्याच टीमसाठी, जिची गाडी त्याने २०१२ला भिंतीवर घातली होती.